निर्जळी एकादशीचं तीर्थ

१

"आधी नाडी बघ, मग नातेवाइकांकडे बघ. उलट केलंस तर फसशील."

प्रसूतिगृहातल्या जुन्या मेट्रनबाईंनी हे सांगितलं तेव्हा मालनताई विशीतल्या होत्या. मेट्रनबाईंना जाऊन वर्षं लोटली, मालनताई स्वतः निवृत्त होऊन भांडुपच्या मोरजकर चाळीत एका खोलीत राहू लागल्या, तरी कुणी बाई जमिनीवर कोसळली की तो आवाज आधी यायचा आणि घाबरणं मागाहून. अलीकडे तर घाबरणंही येईनासं झालं होतं.

त्या दिवशीही तसंच झालं. शहाऐंशी सालच्या ज्येष्ठातली निर्जळी एकादशी. चाळीच्या टोकाला लक्ष्मीनारायणाचं लहानसं देऊळ, त्यात दुपारी तीनपासून बायकांचं भजन. सहा वाजता आरती झाली, तीर्थ वाटलं गेलं, आणि पाच-सात मिनिटांतच पहिल्या रांगेत देवासमोर बसलेली रुक्मिणी कुशीवर कलंडली. टाळ तिच्या बोटातच अडकून राहिला होता.

मालनताईंनी मनगट धरलं. नाडी मंद, फार मंद. तळहात बर्फासारखा. कपाळावर घाम. रुक्मिणीला दोनदा कोरडी उलटी झाली, तिसऱ्यांदा थोडंसं तपकिरी पाणी आलं. तोंडातून लाळ गळतच होती. पदराने पुसली तरी पुन्हा धार.

इथे मालनताईंना काहीतरी खटकलं. आदल्या रात्रीपासून या बाईने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. निर्जळीच्या दिवशी संध्याकाळी जीभ टाळूला चिकटते. ते त्या स्वतःच्या तोंडात अनुभवत होत्या. मग हिच्या तोंडाला इतकं पाणी कुठून सुटलं?

"वहिनी, काय दिलंस माझ्या आईला?"

ही सुगंधा, रुक्मिणीची लेक. मुलुंडला दिलेली, आज मुद्दाम भजनाला आलेली. ती आपल्या भावजयीवर ओरडत होती. पद्मजा दाराशी उभी होती, पाचवा महिना, चेहरा पांढरा.

सुगंधाचं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं, कारण ते दिसत होतं. रुक्मिणी सोवळ्याची कडक. देवळातल्या सगळ्यांच्या पळीने ती तीर्थ घ्यायची नाही. तिची तांब्याची वाटी वेगळी. पुजाऱ्याकडून वाटीत तीर्थ घेऊन ते सासूच्या ओठांना लावायचं काम सुनेचं. दिवसभरात रुक्मिणीच्या तोंडात गेलेली ती एकच गोष्ट, आणि ती पद्मजाच्या हातची.

"वाटी कुठाय ती?" सुगंधा गरजली. "दाखव वाटी! डॉक्टरला देते."

पद्मजाने पदराआडून वाटी पुढे केली. ती ओली होती. एवढ्या गोंधळात, सासू जमिनीवर पडलेली असताना, सून नळावर जाऊन वाटी धुऊन आली होती.

२

द्वादशीच्या सकाळी सहदेव मालनताईंच्या दारात आला. रात्रभर मुलुंडच्या इस्पितळात बसलेला, तसाच. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या कारखान्यात तो मशीनवर होता. बाप गिरणीत गेला, म्हणजे गिरणीतच खोकून खोकून गेला. आई एवढीच राहिलेली.

"कशी आहे?"

"शुद्धीवर आलीय. पोट धुतलं रात्री नाकातून नळी घालून. डॉक्टर म्हणाला, ढेकणाचं औषध पोटात गेल्यावर असंच होतं. लाळ, घाम, थंड पडणं. नक्की काय ते रिपोर्ट आल्यावर, पंधरा दिवसांनी." तो उंबऱ्यावरच बसला. "आमच्या घरात बाटली आहे ताई. अर्धी आहे. मागच्या महिन्यात आणली तेव्हा भरलेली होती."

"आई काय म्हणते?"

"काहीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीय. सुगंधाने दहादा विचारलं, वहिनीने दिलं का? हो नाही, नाही नाही."

त्याने खिशातून एस.टी.चं तिकीट काढून दाखवलं. आज रात्री आठची गाडी, कणकवली.

"तिला माहेरी पोचती करतो. पोलिसात गेलो तर माझं पोर कोठडीत जन्माला येईल. म्हणून सुगंधाला कसंबसं गप्प केलं. पण परत आणणार नाही मी तिला. संध्याकाळपर्यंत तुम्ही जरा तिच्याजवळ बसाल? जिवाचं काही करून घेईल म्हणून."

"तुला खरं वाटतं हे, सहदेव?"

तो आपल्या हाताकडे बघू लागला. "मशीनमध्ये एकदा बोट आलं होतं माझं. रक्त दिसत होतं, दुखत नव्हतं. तसं झालंय ताई. काय वाटतं तेच कळत नाही."

पद्मजा खोलीत ट्रंकेशेजारी बसलेली होती. मालनताई तिच्यासमोर जमिनीवर टेकल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू. बाळंतिणींशी बोलून बोलून तसा झालेला.

"पोरी, बाटलीतलं काही दिलंस?"

"नाही."

"मग दुसरं काही?"

"नाही हो ताई. पुजारीकाकांनी पळीभर दिलं, तेच."

"वाटी का धुतलीस?"

पद्मजाने दोन्ही हात पोटावर ठेवले. एखाद्याने दारावर आतून कडी घालावी तसे.

"ते सांगता येणार नाही."

"आज रात्री तुझा संसार मोडतोय. कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशी. "तरी नाही सांगता येणार."

३

शेजारची शांताबाई दाराबाहेर तांदूळ निवडत बसली होती. निवडत कमी, ऐकत जास्त.

"या ताई, बसा. मी आपली कुणाच्या भानगडीत नसते," ती सुरुवातीलाच म्हणाली. चाळीतली प्रत्येक भानगड तिच्याकडे याच वाक्याने सुरू व्हायची. "पण ती पोरगी तशी नाही हो. सुगंधाचंच तोंड मेलं फटाक्यांची माळ."

"ढेकणाचं औषध त्यांच्याकडे आहे म्हणतात."

"आहे की. अर्धं माझ्या खाटांत गेलंय! पंधरा दिवसांपूर्वी मीच मागून नेलं पद्मजाकडून. आमच्या ह्यांना रात्रभर ढेकूण फोडतात, आणि हे ढेकणांना फोडतात. सहदेवाने मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारतो कोण? मी आपली भांडखोर बाई."

म्हणजे बाटलीचा हिशोब लागला. शिवाय त्या औषधाला रॉकेलसारखा उग्र दर्प असतो. वाटीत चार थेंब जरी असते तरी अख्ख्या देवळाला कळलं असतं.

"तुझं नि रुक्मिणीचं भांडण कशावरून होतं गं?"

"मशेरी!" शांताबाईने सूप खाली ठेवलं. "दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजायची, काळी ठिक्कर होईस्तोवर, आणि धूर सगळा माझ्या घरात. माझा नातू खोकून लालेलाल. दहा वर्षं भांडले मी. आता मात्र दीड महिना झाला, वास नाही, धूर नाही. म्हटलं, देवाने बुद्धी दिली. तिला विचारलं तर म्हणाली, सोडली. नेम केलाय."

"मशेरीचा नेम?"

"हो. आणि तिखटाचाही. पद्मजा बिचारी आता पेज करते, बिनमिरचीची डाळ करते. मासळीच्या सारात बोट बुडवत नाही म्हातारी. चहासुद्धा गार करून, तोही असा मान वाकडी करून." शांताबाईने मान उजवीकडे कलती करून दाखवली. "सगळीच भक्ती एकदम वर आली."

"कधीपासून?"

"वैशाखात कधीतरी. अक्षय्य तृतीया झाली नि लगेच."

मालनताई उठल्या. चार पावलं गेल्यावर थांबल्या.

चातुर्मास लागतो आषाढी एकादशीला. कुणी वांगी सोडतं, कुणी कांदा, कुणी पानावर मीठ वाढून घेत नाही; जे सोडायचं ते त्या दिवशी देवासमोर सांगून सोडायचं. मालनताईंनी स्वतः पस्तीस चातुर्मास केले होते. वैशाखात, मुहूर्त नाही, संकल्प नाही, दोन-दोन गोष्टी एकदम सोडणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. आणि चाळीस वर्षं रोज मशेरी लावणाऱ्या बाईने ती एका दिवसात सोडली, आणि तिचं डोकं दुखलं नाही, ती कुणावर खेकसली नाही?

रुक्मिणी खोटं बोलत होती. पण देवाच्या नावाने ती खोटं का बोलेल?

४

उतारावर, रस्ता वळतो तिथे गुणाजीची पानाची टपरी. चाळीतल्या निम्म्या घरांचा विडी-तंबाखूचा माल तिथूनच जायचा.

"रुक्मिणी तुझ्याकडूनच न्यायची ना तंबाखू?"

"मशेरीची? हां, पण आता कुठे," गुणाजी पानाला चुना लावत म्हणाला. "महिना-दीड महिना झाला, बंद. ताई, तुम्ही एवढ्या उन्हाच्या कशाला? निरोप धाडायचा."

"त्या घरातून दुसरं कुणी काही नेत नाही?"

गुणाजीने इकडे-तिकडे बघितलं. "तुमच्यापासून काय लपवायचं. सून नेते. हप्त्यातून दोनदा. पोटुशी आहे ती. साधी नाही, कच्ची पत्ती, माझ्याकडची सगळ्यात कडक. सोबत चुन्याची डबी. ही पत्ती टेम्पोवाले खातात, त्यांनासुद्धा पहिल्यांदा गरगरतं. म्हटलं, नवऱ्यासाठी असेल."

सहदेव सुपारीही खात नव्हता.

"शेवटची कधी नेली?"

"परवा. दशमीला. रोजच्यापेक्षा दुप्पट."

मालनताई टपरीच्या सावलीत उभ्या राहिल्या. प्रसूतिगृहातली एक जुनी गोष्ट त्यांना स्वच्छ आठवली. दोन वर्षांच्या एका पोराने आजीची मशेरीची डबी खाल्ली होती. लाळ, ओकाऱ्या, गार पडलेले पाय, आणि मंद मंद होत गेलेली नाडी. पोर वाचलं नाही. तो चेहरा आता डोळ्यांपुढे आला तरी त्यांना काहीच झालं नाही, एवढंच त्यांच्या लक्षात आलं.

तंबाखू. ढेकणाचं औषध नव्हतंच, तंबाखू होती. आणि ती दशमीला, दुप्पट, पद्मजाने आणली होती.

५

द्वादशीचं पारणं अजून राहिलं होतं. मालनताईंनी खोलीत येऊन देवाला नैवेद्य दाखवला, तुळशीचं पान तोंडात ठेवलं आणि त्यावर पळीभर पाणी घेतलं. छत्तीस तासांनी पाणी जिभेवर आलं तसं सगळं तोंड जागं झालं.

त्या तशाच बसून राहिल्या, हातात रिकामी पळी घेऊन.

एवढीशी पळी. एवढ्या पाण्यात किती तंबाखू मावणार? चिमूटभर. आणि चाळीस वर्षं मशेरी लावलेली बाई चिमटीने आडवी होत नाही. तिला तर कळतही नाही. शिवाय ते पाणी तपकिरी दिसलं असतं, पुजाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

म्हणजे तंबाखू तीर्थातून गेली नव्हती. मग कशातून?

त्यांनी कालची दुपार पुन्हा डोळ्यांपुढे आणली. रुक्मिणी तीनला येऊन बसली ती सहापर्यंत उठली नाही. पहिली रांग, मागे चाळीस बायका, पुढे देव. टाळ वाजवत होती, पण गात नव्हती. दर एकादशीला जिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा ती काल ओठ मिटून होती.

मालनताईंनी पळी खाली ठेवली. पारण्याचा भात तसाच झाकला आणि पद्मजाच्या खोलीत गेल्या.

"चल. मुलुंडला जायचं. चारला भेटायला सोडतात."

"मला आत येऊ देणार नाहीत."

"माझ्याबरोबर येऊ देतील. आणि हे बघ, तू काहीच सांगू नकोस. तुला कुणीतरी शपथ घातलीय, एवढं मला कळलंय. शपथ मोडू नकोस. तू फक्त उभी राहा."

पद्मजाने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

६

बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट. रुक्मिणी भिंतीकडे तोंड करून. स्टुलावर सुगंधा, पायथ्याशी सहदेव. पद्मजा दिसताच सुगंधा ताडकन उठली.

"हिला कशाला आणलंत? अर्धं राहिलंय ते पुरं करायला?"

"बस गं," मालनताई म्हणाल्या. "आवाज खाली. शेजारच्या खाटेवरची बाई झोपलीय."

त्या रुक्मिणीच्या उशाशी बसल्या.

"रुक्मिणी, पाच वाजत आले. आठला गाडी आहे. तू बोलत नाहीस, ही बोलत नाही. तेव्हा मी बोलते. जिथे चुकेन तिथे मान हलव."

रुक्मिणीने चादर खांद्यावर ओढली.

"ढेकणाचं औषध शांताबाईच्या खाटांत आहे, तिला विचारा. तुझ्या पोटात गेली ती तंबाखू. कच्ची, गुणाजीची कडक. ती पद्मजाने आणली."

"बघ! बघ दादा!" सुगंधा म्हणाली.

"आणली, कारण सासूनेच आणायला लावली. वैशाखात रुक्मिणीने मशेरी सोडली, तिखट सोडलं, गरम चहा सोडला. नेम म्हणून सांगितलं. चातुर्मासाआधी दोन महिने कसला नेम? जे तोंडाला झोंबतं तेवढंच सोडलेलं. घास उजवीकडून, चहा उजवीकडून. म्हणजे डावीकडे काहीतरी आहे. मशेरी घासवेना आणि तिने दुखणंही थांबेना, म्हणून कच्ची पत्ती आली, चुना लावून, गालात दाबून ठेवायला."

सहदेव खाटेच्या दांडीला धरून उभा होता. "पण काल तर निर्जळी होती. आईने काही तोंडात..."

"तंबाखूला कुणी खाणं म्हणतं का रे आपल्यात? दातवण ते. उपासाला चालतं. काल पोटात अन्न नाही, पाणी नाही, दुखणं जास्त. हिने दुपारी पत्तीची मोठी गोळी गालात ठेवली आणि पहिल्या रांगेत येऊन बसली. एरवी थुंकता येतं, चूळ भरता येते. काल चूळ नाही, कारण पाणी वर्ज्य. थुंकणं नाही, कारण समोर देव. तीन तास रस गिळत बसली. म्हणून गायली नाही. आणि सहाला तीर्थ आलं."

मालनताईंनी आवाज आणखी खाली आणला.

"तंबाखूच्या तोंडात तीर्थ घेणं हिला जमेना. तीर्थाला नको म्हणणंही जमेना. तेव्हा तोंड मोकळं करायचा एकच मार्ग होता. हिने अख्खी गोळी गिळली, आणि मग वाटीला ओठ लावले."

रुक्मिणीने मान हलवली नाही.

मग भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "देवाफुडे थुकू कशी?"

सुगंधाने तोंडावर हात ठेवला.

"हिका शपथ मीच घातली," रुक्मिणी म्हणाली. "पोटातल्याची. कोणाक सांगशीत तर म्हणून."

"अगं आई, पण काल? हिला घालवायला निघाले सगळे, तरी तू गप्प?" सुगंधा म्हणाली.

"काय सांगू? निर्जळीत तंबाखू गिळली म्हणून? चाळीत तोंड दाखवूक नको?" ती पुढे म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तोंड उघडूक लावलं असतं तुमी."

"आणि वाटी गं?" सहदेवाने बायकोला विचारलं. त्याचा आवाज कोरडा होता.

आता शपथेतलं काही उरलं नव्हतं. "काठाला पत्तीचा तुकडा लागला होता," पद्मजा म्हणाली. "चाळीस बायका होत्या तिथे. आईंची अब्रू गेली असती."

"मग आम्हाला तरी सांगायचं ना गं! आम्ही काय परके?" सुगंधा रडत होती आणि भांडतही होती.

"कशी सांगणार? शपथ तुमच्या भावाच्या पोराची होती."

मालनताईंनी पिशवीतून बॅटरी काढली. "रुक्मिणी, इकडे वळ. आ कर."

रुक्मिणी वळली. बराच वेळ तिने ओठ मिटून ठेवले, मग उघडले. पुरते उघडतही नव्हते, दोन बोटांएवढेच. डाव्या गालाच्या आत, दाढेसमोर, रुपयाएवढी जागा. मध्ये लाल, कडेने पांढरी, वर आलेली. मालनताईंनी बोट फिरवलं. काठ टणक लागला, वाळलेल्या कातड्यासारखा.

"दुखत नाही?"

"आता नाय. पत्ती ठेवली की बधिर होता. म्हणून तर ठेवतंय."

"बधिर होतं म्हणून वाढतं ते तुला कळत नाही. आणि हे केलंय तंबाखूनेच. चाळीस वर्षं, रोज, त्याच जागी." मालनताईंनी बॅटरी विझवली. "मी नर्स आहे, डॉक्टर नव्हे. पण हे तोंड आलेलं नाही. परळला या रोगाचं मोठं इस्पितळ आहे. तिथे तुकडा काढून तपासतील. लवकर गेलीस तर कापून टाकण्यावर भागतं. चातुर्मासाची वाट बघितलीस तर भागणार नाही."

सहदेव दांडी सोडून आईच्या पायाशी बसला.

"मालन," रुक्मिणी म्हणाली, "माझी एकादशी मोडली?"

मालनताईंनी इतक्या एकादश्या केल्या, पण कुणी असं विचारलं नव्हतं. "ते मला ठाऊक नाही गं. तीर्थ विटाळू नये म्हणून तू काय केलंस, ते मात्र त्याच्यासमोरच केलंस."

रुक्मिणीने हात उचलला, आणि सुगंधा पुढे सरली तर तिला बाजूला करून पद्मजाला जवळ बोलावलं.

"तुझी शपथ सुटली," ती म्हणाली. "आता माझी घे. उद्या घरी सोडतील. सोमवारी मी परळाक येतंय. तोपर्यंत तोंडात काय्येक ठेवूचंय नाय, दुखला तरी. सहदेवाक कामावर जाऊ दे. तू चल माझ्यावांगडा. वचन."

पद्मजाने मान हलवली. तिला रडू येत नव्हतं. ती खाटेच्या कडेला टेकली.

आठची गाडी आठला गेली असणार. त्या वेळी सहदेव घरात ट्रंक उघडून बसला होता आणि बायकोची लुगडी एकेक करून फळीवर परत ठेवत होता. घड्या सगळ्या चुकत होत्या. पद्मजा बघत होती. तिने त्याला थांबवलं नाही आणि मदतही केली नाही.

७

सोमवारी पहाटे मालनताईंची पूजा नेहमीपेक्षा लवकर आटपली. रुक्मिणी येईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. प्रसूतिगृहात 'उद्या नक्की येते' म्हणून गेलेल्या आणि कधीच न आलेल्या बायकांची गणती नव्हती. घरी आल्यापासून रुक्मिणी खोलीबाहेर दिसली नव्हती. शांताबाई सांगत होती की रात्री कण्हते, भिंतीतून ऐकू येतं, आणि मग शांताबाई स्वतःच उठून भिंतीवर दोन थापा मारते, मी जागी आहे गं म्हणून.

सात वाजले असतील. गॅलरीत कुणी नळाला बादली लावली होती. मालनताई कठड्याशी आल्या.

रुक्मिणी जिना उतरत होती. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, चपला हातात. रात्रपाळी करून आलेल्या सहदेवाची झोप मोडू नये म्हणून. डावा गाल सुजलेला, त्यावर तिने तळहात दाबून धरला होता. दोन पायऱ्या मागे पद्मजा, कापडी पिशवीत केसपेपर घेऊन. एक हात सासूच्या पाठीमागे, न लावता धरलेला.

मालनताईंनी दाराला कुलूप लावलं आणि खाली आल्या.

"खूप दुखतंय?"

रुक्मिणीने मान हलवली. बोलायला तिला ओठ फार उघडवत नव्हते. "चार दिस पत्ती नाय. सगळा कळता आता," ती म्हणाली.

तिने चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या, आणि कुणाची वाट न बघता उतारावरून स्टेशनाच्या दिशेने चालू लागली.